म्हणे, नुसतं नाव विचारलं

त्या माणसाचं नाव मी घेणार न्हाई. भीती म्हणून न्हाई. माझ्या तोंडून त्याला तेवढासुद्धा मान मिळू नये म्हणून. तीर्थपुरीच्या खात्यापित्या घरचा, गोव्यात मुरगाव बंदरावर कापसाच्या पेढीत नोकरीला, आणि भर उन्हाळ्यात डोक्यावर फेल्टची टोपी घालणारा, एवढी त्याची ओळख बास झाली. माझं आता वय झालंय, गुडघे कुरकुर करतात, पुष्कळ गोष्टी विसरते. हा माणूस मात्र डोक्यातून जात न्हाई, आणि जाऊही नये.

आमचं घर जालन्यात, कादराबादेत. राज्य निजामाचं. वडील तहसील कचेरीत कारकून होते. दिवसभर उर्दूत लिहायचे, घरी येऊन मराठीत आमच्यावर ओरडायचे, आणि बाजारात दोन्हींची खिचडी चालायची. पोर्तुगीज नावाची एक भाषा असते हे मला कळलं ते माझ्या पाहण्याच्या दिवशी.

मुलगी पाहणं म्हणजे काय ते आताच्या पोरींना सांगून खरं वाटत न्हाई. खाली मान घालून यायचं, सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा, पाटावर बसायचं. चालून दाखव म्हणाले की चालायचं, सुईत दोरा ओव म्हणाले की ओवायचा. विचारतील तेवढंच सांगायचं. आपण काही विचारायचं न्हाई. पोरीनं तोंडातून एक प्रश्न काढला की ती आगाऊ, आणि आगाऊ पोर कोण करून घेणार? हे सगळं आईनं माझ्याकडून घोटून घेतल्तं. मी तेव्हा चौदा-पंधराची असेन. हे स्थळ मामानं आणल्तं, आणि मामा त्या दिवशी असा मिरवत होता की जणू त्याचंच लग्न ठरून राह्यलंय.

तो आला, त्याचा काका आला, दोन-चार बायका आल्या. नमस्कार झाले, चालणं झालं, दोरा झाला. काकानं त्याला म्हटलं, तुला काही विचारायचं तर विचार. त्यानं टोपी मांडीवर ठेवली, घसा साफ केला आणि काहीतरी बोलला. ‘उ की गॉश्ता द फझेर नुश तेंपुश लीव्रिश?’ मी पाटावरची नक्षी बघत बसले. त्यानं तेच पुन्हा म्हटलं, सावकाश, बहिऱ्याला सांगतात तसं. आणि त्याच्या शेपटाला आणखी एक वाक्य जोडलं. मला वाटलं, माझ्याच कानात काही बिघाड झाला.

सगळे माझ्या तोंडाकडे बघून राह्यले. शेवटी वडिलांनी हात जोडून विचारलं, की आपण काय विचारलंत? तेव्हा तो हसला. ते हसणं मला आजही दिसतं. म्हणाला, “काही न्हाई हो, नुसतं नाव विचारलं. तिकडच्या पोर्तुगीज भाषेत. तेवढं तरी सांगता येईल, वाटलं.”

त्याच्याकडच्या बायका पदर तोंडाला लावून खिदळल्या. आता मराठीत तरी नाव सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर काकानं हात वर केला, राहू द्या म्हणाला, आणि मंडळी उठली. पोहे तसेच राह्यले. वडील दारापर्यंत त्यांच्या मागं मागं गेले, अर्धे वाकून. मी आयुष्यात वडिलांना तसं वाकलेलं कधी बघितलं नव्हतं.

बस्स. एवढंच झालं. पण जालना केवढं ते! कुंडलिकेच्या या काठाला कोणी शिंकलं तर त्या काठाला कळायचं. महिन्याभरात सगळीकडे झालं की कारकुनाची थोरली पोर अर्धवट आहे, तिला स्वतःचं नाव सांगता येत न्हाई. मामाच्या जिभेला हाड नव्हतंच, त्यानं ती दोन्ही फिरंगी वाक्यंही घरोघर म्हणून दाखवली असणार. गल्लीतली पोरं मला विहिरीवर जाताना बघून ओरडायची, उ की गॉश्ता, उ की गॉश्ता! इतकं ऐकलं, इतकं ऐकलं की ते मला पाठ झालं, दोन्ही वाक्यं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

मंग चांगली स्थळं येईचनात. शेवटी टेंभुर्णीच्या एका बिजवराला मला दिली. त्याची पोरगी माझ्यापेक्षा थोडी लहान होती, ती मला आई म्हणायला लाजायची आणि मी तिला पोरी म्हणायला. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, तशी रीतच आहे. माहेरचं नाव तिथंच संपलं. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. पण आधीच खोकत होता, आणि काही वर्षांत गेला. मी टेंभुर्णीला होते तेव्हाच इकडे आईही गेली. कपाळ पुसून मी परत जालन्यात आले, वडील आणि धाकटी बहीण यांच्या घरात, चुलीपुढं.

विधवेचे हात रिकामे नसावेत म्हणून वडिलांनी मला स्टेशनाजवळ लेस विणायला शिकायला धाडलं. तिथं रेल्वेच्या क्वार्टरात एक गोवेकरीण राहायची, गार्डाची बायको. सगळे तिला गार्डीणबाई म्हणायचे. जाडजूड, हसरी, दारात तुळस न्हाई पण शेवंतीच्या कुंड्याच कुंड्या. तिची मराठी अर्धी कोकणीच होती. माझं पांढरं कपाळ बघून तिनं कधी च्‌ च्‌ केलं न्हाई, म्हणून मला ती आवडली.

एक दिवस विणता विणता टाका चुकला आणि माझ्या तोंडून रागानं ते वाक्य गेलं. चिडले की ते आपसूक यायचं, शिवीसारखं. गार्डीणबाईचा हात थांबला. म्हणाली, हे तुला कुणी शिकवलं गे? मी म्हटलं, बाई, याचा अर्थ काय हो? ती म्हणाली, अर्थ सोपा आहे, फुरसतीच्या वेळात तुला काय करायला आवडतं, असं विचारलंय. मी दुसरं वाक्यही म्हणून दाखवलं. त्याचा अर्थ, चार जणांच्या कुठल्या मंडळीत तू आहेस का, गाण्याच्या, खेळाच्या, कसल्याही. आमच्या गावात चर्च सुटलं की नवीन माणसाला आम्ही हेच विचारतो, ती म्हणाली, ओळख करून घ्यायची तर दुसरं काय विचारणार?

मी विचारलं, यात नाव कुठं आलं?

नाव न्हाईच यात, ती म्हणाली. नावाचं वेगळं असतं.

माझ्या हातातली सुई खाली पडली. इतकी वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते, की नाव तर विचारलं होतं, अंदाजानं सांगून टाकायचं होतंस, कार्टे. आणि तो धडधडीत खोटं बोलला होता! खोटं बोलला, की त्याला स्वतःलाच अर्थ मालूम नव्हता आणि हशा पिकवायला काहीतरी ठोकून दिलं, देव जाणे. मला दोन्ही सारखंच.

आणि सगळ्यात जास्त आग कशाची झाली सांगू? की प्रश्न चांगला होता. मला काय आवडतं हे मला जन्मात दुसऱ्या कोणी विचारलं न्हाई. ना बापानं, ना नवऱ्यानं. आणि मला आवडायचं हो! पंचमीला आमच्या गल्लीचा फेर मी धरायची. पुढचं गाणं मी उचलायची आणि तीस-चाळीस पोरी मागून म्हणायच्या, शेजारच्या आळीच्या पोरी आमचा आवाज ऐकून गप्प व्हायच्या. झिम्म्यात मला कोणी हरवलं न्हाई. कुणी मराठीत विचारलं असतं, बाळे, तुला काय आवडतं, कुणाबरोबर जातेस, तर मी तिथं पाटावर बसून गाऊन दाखवलं असतं. आता मी फेराजवळ गेले की बायका बाजूला व्हायच्या. विधवेनं फेरात यायचं न्हाई, गायचं तर बिलकुल न्हाई. मी घराच्या मागच्या भिंतीला टेकून ऐकायची, आणि माझी गाणी दुसऱ्याच पोरी चुकीच्या चालीत म्हणायच्या.

मी सुई उचलली आणि बाईंना म्हटलं, मला हे शिकवा. काय शिकवू, ती म्हणाली. म्हटलं, एवढंच. काय आवडतं, कुणाबरोबर, आणि तुमचं काय. सबंध भाषा मला नको. एकाला उत्तर द्यायचं राह्यलंय.

तिनं कपाळावर आठ्या घातल्या, पण शिकवलं. लेस बाजूला पडली. चुलीपुढं, विहिरीवर, डाळ निवडताना मी तेच पुटपुटायची, धाकटीला वाटायचं मी जप करते. त्याला कुठं गाठणार, कधी गाठणार, काही ठाऊक नव्हतं. नुसती धार लावून राह्यले होते.

आणि तो आपल्या पायानं आला.

धाकटीला सोळावं लागलं होतं. घरात विधवा बहीण म्हणून स्थळं दारावरून परत जायची. मामा पुन्हा एक स्थळ घेऊन आला. म्हणाला, तीर्थपुरीचं घर आहे, मुलगा आता गोव्याहून परत आलाय, शेती बघतो, बायको बाळंतपणात गेली, पोर सासुरवाडीत आहे, कसली झंझट न्हाई. मी चहा घेऊन दारात आल्ते ती तिथंच थबकले. मी वडिलांना म्हटलं, आबा, हाच तो. वडिलांनी मान खाली घातली. त्यांनाही कळलं होतं. त्यांनी मामाला एवढंच विचारलं, की त्यांना आपलं घर आठवतं का? मामा म्हणाला, कुठं आठवतंय, पोरी काय कमी बघितल्या त्यांनी? आठवत न्हाई तेच बरं आहे.

त्याला आठवत नव्हतं. ऐका हो. माझ्या जन्माची माती केली आणि त्याला घरसुद्धा आठवत नव्हतं.

वडील हो म्हणाले. मी त्यांना दोष देत न्हाई, त्यांना दुसरा रस्ता दिसत नव्हता. मामानं मला बजावून सांगितलं, की पाहुणे असेपर्यंत तू ओसरीवर यायचं न्हाई. सावलीसुद्धा पडू देऊ नको.

त्या दिवशी मी पोह्यांना कांदा चिरत होते. धाकटी येऊन माझ्या पदराला धरून बसली. नवी साडी, वेणीत फूल. म्हणाली, “ताई, मला तुझ्यासारखं नको देऊ.”

मी म्हटलं, “मी देणारी कोण?”

“मंग कोण आहे मला?” ती म्हणाली.

तिला मी उत्तर शिकवू शकले असते, ते कधीच पाठ करून घेतलं असतं तिच्याकडून. पण ती फाडफाड बोलली असती तर त्यांनी तिला हसतखेळत पसंत केली असती. आणि गप्प बसली असती, तर पुन्हा गल्लीत बोभाटा, पुन्हा एक खोकणारा बिजवर. दोन्हीकडून मरण तिचंच. हे स्थळ त्यांच्याकडून न्हाई, आमच्याकडून मोडायला हवं होतं, आणि मुलीकडच्यांनी नकार दिल्याचं तोवर मी तरी ऐकलं नव्हतं. मी तिला म्हटलं, तू पाटावर बस आणि तोंड उघडू नको.

तसंच झालं सगळं. काका आता म्हातारा झाल्ता. टोपीवाला मात्र तसाच होता, नुसतं पोट सुटलेलं, टोपी तीच किंवा तिची बहीण. मी दाराआडून बघत होते. धाकटी चालली, दोरा ओवला. मंग त्यानं टोपी मांडीवर ठेवली आणि घसा साफ केला, आणि मला वाटलं, आता विसरला असेल, आता न्हाई विचारणार. पण माकड कोलांटी विसरतं होय? ‘उ की गॉश्ता द फझेर नुश तेंपुश लीव्रिश?’ धाकटी गप्प. त्यानं पुन्हा विचारलं, सावकाश. मागं दुसरं वाक्यही जोडलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात ते हसणं आलं.

मी उंबरा ओलांडला.

पांढरं कपाळ, कांद्यानं लाल झालेले डोळे, हात पदराला पुसत मी ओसरीच्या मधोमध येऊन उभी राह्यले. मामा ताडकन उठला, म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं, बायकांनी शिव शिव केलं. मी कोणाकडे बघितलं न्हाई. त्याच्या डोळ्यात डोळे घातले आणि म्हटलं, “गॉश्तु द कांतार. कों आश रापारीगाश द मिन्या रूआ.” म्हणजे मला गायला आवडतं, माझ्या गल्लीतल्या मुलींबरोबर. आणि मंग तिथं बसलेल्यांच्या सात पिढ्यांत कोणत्या पोरीनं केलं नसेल ते केलं. प्रश्न विचारला. “ई उ सिन्योर?”

आणि तुमचं काय, साहेब? एवढाच अर्थ. गोव्यातलं शेंबडं पोरही उत्तर देईल.

तो माझ्याकडे बघतोय, काकाकडे बघतोय, टोपीची कड फिरवतोय. मी पुन्हा विचारलं, सावकाश, बहिऱ्याला सांगतात तसं. काकानं विचारलं, अरे, काय म्हणते ही? तेव्हा तो म्हणाला, ती काहीतरी चुकीचं बोलतेय. मी म्हटलं, बराबर आहे, मग तुम्ही दुरुस्त करा, सगळ्यांसमोर करा. तुम्ही आत्ता माझ्या बहिणीला काय विचारलंत ते तरी मराठीत सांगा.

तो म्हणाला, नुसतं नाव विचारलं.

देवा रे, ते पुन्हा म्हणाला! मी कित्येक वर्षं ज्याची वाट बघितली ते त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या ओच्यात घातलं. मी म्हटलं, “याच ओसरीवर, याच पाटावर, तुम्ही माझंही नाव विचारलं होतंत. मग सांगा बरं, काय आहे माझं नाव?”

तेव्हा कुठं त्याला आठवलं. चेहऱ्यावर मी ते येताना बघितलं, आधी पाट, मंग ओसरी, मंग मी. पण नाव काही येईना. येणार कुठून? त्यानं ते कधी विचारलंच नव्हतं. तिथल्या बायकांतल्या कुणालाही ते माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी मी अर्धवट पोर होते आणि आता रांड होते. मामा दात खाऊन मला आत जा, आत जा म्हणून राह्यला होता.

तेव्हा वडील उठले. मला वाटलं, आता माझ्या कानाखाली बसणार. त्यांनी माझं माहेरचं नाव घेतलं, टेंभुर्णीला जाण्याआधीचं, आई गेल्यावर त्या घरात कोणी घेतलं नव्हतं ते, मोठ्यानं आणि पुरं. म्हणाले, पाहुण्यांच्या चपला कुठं आहेत ते दाखव, त्यांना जल्दी आहे. काका फणफणला, आमची ही इज्जत करता काय म्हणाला. वडील सरळ उभे होते, ताठ. “मुलगी द्यायची न्हाई,” म्हणाले.

मामानं पुढं कित्येक वर्षं आमच्या घरचं पाणी घेतलं न्हाई. धाकटीचं लग्न उशिरा झालं, अंबडच्या एका शाळामास्तराशी, आणि ती अजून आपल्या नवऱ्याला दमात घेते. हे सगळं नंतरचं. त्या दुपारचं थोडं राह्यलंय.

पाहुणे चपला घालून अंगणात उतरले. टांगा बाहेर उभा होता. मी त्यांच्या आधी मागच्या दारानं फिरून गेले आणि अंगणाच्या फाटकात, बरोबर मधोमध, उभी राह्यले. बाहेर निघताना विधवा आडवी आली की आमच्याकडे माणूस पुढं जात न्हाई. परत घरात येतो, बसतो, घोटभर पाणी पितो, मंग निघतो. आता यांनी कोणत्या तोंडानं परत घरात जायचं? आणि मला ओलांडून पुढं तरी कसं जायचं? म्हातारा काका मागं पाऊल घेई, पुढं पाऊल घेई. ऊन असं की कौलं तडतडत होती. बायका भिंतीच्या सावलीला जाऊन उभ्या राह्यल्या, गल्लीतली दारं एकेक करून उघडली, आणि टांग्याचा घोडा पाय आपटायला लागला.

बऱ्याच वेळानं तो पुढं आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, बाई, जरा बाजूला व्हा.

मी म्हटलं, “नाव घेऊन सांगा.”

त्यानं काकाकडे बघितलं. काकानं मान डोलावली. मंग त्यानं टोपी काढून हातात धरली आणि सगळ्या गल्लीदेखत माझं नाव घेतलं, पुढं ताई लावून. मी ते नीट ऐकून घेतलं, आणि तिथंच उभी राह्यले.